इमल्सिफायर कोणता, ते गुपित आहे

१ फेब्रुवारी, रविवार. सायं. ६.४०

अक्षदाचा साखरपुडा पार पडला. हॉल दहिवलीतलाच. पाहुणे वेळेवर, जेवण गरम, पंखे बंद.

होणारा जावई साईराज. खोपोलीकडच्या एका कॉस्मेटिक कंपनीत आहे. क्रीम, सीरम असला माल. म्हणजे आमच्याच लाइनचा. मुलगा शांत, मान खाली घालून जेवणारा. मला पसंत.

जेवताना विषय निघाला तेव्हा मी सहज बोलून गेलो की सीरम तर मीही घरी बनवतो. (बनवत नाही. पण बनवू शकतो. रसायनीला केमिकल कंपनीत सव्वीस वर्षं काढली, मोहोपाड्यापर्यंत दोन बस बदलून.) पुढे तोंडातून असंही निघालं की हळदीच्या दिवशी माझ्या लेकीच्या चेहऱ्याला बाजारातलं काही लागणार नाही, बापाच्या हातचं सीरम लागेल, आणि एक बाटली जावईबापूंना तपासणीसाठी. व्याही खूश. विहीणबाई तर फारच खूश. तेवढ्यात साईराजने पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि विचारलं, पप्पा, इमल्सिफायर कोणता वापरता?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, ते गुपित आहे.

चांगलंच वजन पडलं. घरी आल्यावर इमल्सिफायर म्हणजे काय ते मोबाईलवर बघून घेतलं. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांना धरून ठेवणारा जो पदार्थ, तो इमल्सिफायर. एवढंच. हळद २५ एप्रिलला. हातात त्र्याऐंशी दिवस आहेत, पण मला आठवडा पुरे.

२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून ही वही. आर अँड डीवाले ठेवायचे तशी. गोपनीय. प्रत्येक बॅचला नंबर, तारीख, निरीक्षण. शिस्त म्हणजे शिस्त.

अक्षदाच्या आईला, मैनाला, प्रोजेक्ट समजावून सांगितला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, अवो पण तुमी तर स्टोरमदी होतात. हेच, हेच मला आवडत नाही. स्टोर म्हणजे काय? कंपनीत सगळ्यात जास्त केमिकल जिथे असतं ती जागा. लॅबमध्ये असतं केवढं? चमचाभर. माझ्याकडे ड्रमच्या ड्रम होते. तिने सुपात फुंकर मारली आणि एक खडा बाहेर टाकला.

४ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ११.००

बॅच १. खोबरेल तेल, गुलाबपाणी. इमल्सिफायर मुद्दाम टाकला नाही. आधी बघू या गरज आहे का. बाटली जोरात हलवली. दुधासारखं पांढरं! काय ती इमल्सिफायरची भानगड, असं मनात आलं.

११.०६. तेल वर, पाणी खाली.

कमी हलवलं असणार. दुपारच्या बातम्या संपेपर्यंत हलवत बसलो. मध्ये मध्ये हात बदलला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

उजवा खांदा दुखतोय. बातम्याच लांबल्या.

७ फेब्रुवारी, शनिवार

नैसर्गिक इमल्सिफायर सापडला. अंड्याचा पिवळा बलक! त्यात लेसिथिन असतं. मैना बाजारात गेलेली होती म्हणून मिक्सर वापरला, चटणीचं लहान भांडं. बॅच २ सुंदर. घट्ट, पिवळसर, अजिबात फुटलेली नाही. लेबल लावून फ्रीजच्या दारात ठेवली. आपण उगाच घाबरतो. पहिलाच खरा प्रयत्न आणि यशस्वी.

८ फेब्रुवारी, रविवार

स्वतःवर चाचणी घेतली, कपाळाला. भांड्यात लसणाची चटणी थोडी राहिलेली असावी. डोळ्यांतून पाणी. पण झणझणतंय म्हणजे आत शिरतंय. यालाच पेनिट्रेशन म्हणतात.

अक्षदा शाळेच्या ऑफिसचं काम घरी घेऊन बसली होती. माझ्या जवळून गेली, थांबली, परत आली, आणि म्हणाली, पप्पा, तुम्ही आम्लेट खाल्लंत का? मी हो म्हणालो.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बॅच २ मैनाने नष्ट केली. परवानगी न घेता. वास येत होता म्हणे. फ्रीज बेकिंग सोड्याने दोनदा पुसला आणि माझ्याशी कालपासून फक्त गरजेपुरतं बोलते आहे. मिक्सरची तिन्ही भांडी आता गोदरेजच्या कपाटात, किल्ली कमरेला. संशोधकाला घरातूनच विरोध होतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

मध्ये लग्नाची खरेदी होती. साड्यांच्या दुकानात चार तास बसलो. मोबाईलवर अभ्यास चालूच ठेवला, त्यामुळे आहेराच्या बारा साड्या कोणत्या घेतल्या ते मला सांगता येणार नाही.

मोठा शोध! प्रत्येक इमल्सिफायरला एचएलबी नावाचा एक आकडा असतो. शून्य ते वीस. म्हणजे वीसपैकी मार्क. इतकी सरळ गोष्ट कोणी सांगत का नाही? लगेच गुणपत्रक तयार केलं. लेसिथिन चारच्या आसपास. नापास. (तरीच अंडं टिकलं नाही.) ग्लिसरिल स्टिअरेट तीन पॉइंट आठ. नापास, याला तर परत बसवायलाही नको. पॉलिसॉर्बेट ८० ला पंधरा. फर्स्ट क्लास. पॉलिसॉर्बेट २० ला सोळा पॉइंट सात. पहिला नंबर.

नावात ऐंशी असून मार्क कमी आणि वीस असून जास्त, हे जरा संशयास्पद वाटतं. तपासावं लागेल.

१ मार्च, रविवार

साईराजला व्हॉट्सअॅप केलं. मुद्दाम अवघड विचारलं: आपलं मत काय, पॉलिसॉर्बेट २० की ८०? दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर तासाने आलं. पप्पा, तुमचं काय मत?

वा. याला म्हणतात टेक्निकल माणूस. माझीच परीक्षा घेतोय. मी लिहिलं, अभ्यास चालू आहे. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

८ मार्च, रविवार

ऑनलाइन मागवलेलं इमल्सिफाइंग वॅक्स आलं. पांढऱ्या गोळ्या. तेलात वितळवून गरम पाणी ओतायचं. बॅच ५ (३ आणि ४ वर लिहिण्यासारखं काही नाही, पातेल्याचं बूड काळं झालं एवढंच). फुटली नाही! तासभर टक लावून बघितली. फुटली नाही! बाटलीत भरली, ड्रॉपर लावला, लेबल लावलं.

दुपारी ४. ड्रॉपर वर येत नाही. आतलं सगळं वनस्पती तुपासारखं घट्ट झालं आहे. मैनाच्या केसातली पिन घेऊन थोडं काढलं. अक्षदा म्हणाली, पप्पा, ह्याला सीरम नाही म्हणत, क्रीम म्हणतात. मी तिला समजावलं की सीरमचीच ही पुढची पायरी आहे. पण सर्वांसमोर शब्द सीरमचा दिला आहे. शब्द म्हणजे शब्द. बॅच ५ रद्द.

पिन परत करताना मैनाने ती चिमटीत धरून बघितली आणि केरात टाकली.

१४ मार्च, शनिवार

मोहोपाड्याला गेलो. दशरथकडे. माझ्या हाताखाली फोर्कलिफ्ट चालवायचा, आता मुलाच्या टेंपोचा हिशेब बघतो. गप्पा झाल्या. कुठल्या शेडमध्ये काय होतं, कुठला ड्रम गळायचा, मला अजून सगळं तोंडपाठ आहे. तोही म्हणाला की राजेशभाऊ, तुमच्यासारखं कोणाला ध्यानात राहत नाही.

इमल्सिफायरचा विषय काढला तर तो हसायलाच लागला. म्हणे, हात्तिच्या, एवढंच ना? आपण रोज उतरवून घेत होतो की, निळे ड्रम! खरंच की! निळे ड्रम, तीन नंबर शेड, डाव्या हाताला. ठळक अक्षरात लिहिलेलं असायचं. आणि मी घरात अंडी फोडत बसलोय. कुंभिवलीला हायवेवर एक केमिकलवाला आहे, त्याच्याकडून दशरथने अर्धा लिटर मिळवून दिलं. घट्ट, मधासारखं. वास आपल्या कंपनीचा. मन भरून आलं.

१५ मार्च, रविवार. सकाळी १०.१५

बॅच ६. काय सांगू. दोनच थेंब आणि क्षणात दूध. पांढरंशुभ्र! तेलाचा मागमूस नाही. दुपारी बघितलं, तसंच. संध्याकाळी तसंच. हाच तो. बाजारातले ते पॉलि वगैरे सगळे बाजूला. इंडस्ट्रियल ग्रेड ते इंडस्ट्रियल ग्रेड. साईराजला लिहिलं: गुपित सापडलं. त्याने लगेच लिहिलं, अभिनंदन पप्पा, शिफ्टमध्ये आहे.

रात्रीच्या जेवणाआधी डाव्या गालाला लावलं. जरा जास्तच लावलं, आनंदाच्या भरात.

१६ मार्च, सोमवार

डावा गाल लाल.

१७ मार्च, मंगळवार

डावा गाल लाल आणि सुजलेला. दशरथला फोन केला. त्याने चौकशी करून सांगितलं की भाऊ, ते इमल्सिफायर खरंच हाय, पण कीटकनाशकातलं. भातावर फवारायचं औषध पाण्यात मिसळावं म्हणून टाकतात. पुढे त्याने विचारलं, तुमाला कशाला पायजे होतं? मी म्हणालो, भातालाच.

कर्जतच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गाल बघितला आणि काही न विचारता सांगितलं की फवारणी करताना तोंडाला रुमाल बांधत जा, तुम्हा लोकांना किती वेळा सांगायचं. मी हो म्हणालो. मार्च महिन्यात कोण फवारतं असं त्यांना विचारता आलं असतं. नाही विचारलं.

१९ मार्च, गुरुवार

आज खालापूरच्या बाजूची लग्नाची आमंत्रणं. सोळा घरं. सगळीकडे उजवा गाल पुढे करून बसलो. एका घरी पाट डाव्या भिंतीशी मांडला होता, तर उलटा बसलो. घरातल्यांना वाटलं माझं काही बिनसलं आहे. त्यांनी दोनदा विचारलं की मानपानात काही चुकलं का.

येताना रिक्षात मैना एकदम म्हणाली, का करताय वो हे सगळं? दुकानात शंभर बाटल्या मिळतात. मी म्हणालो, शब्द दिलाय. ती म्हणाली, शब्दाचं राहू द्या, खरं काय ते बोला.

तिला नाही सांगितलं. इथे लिहितो. मला भीती वाटते. साईराज कंपनीतला शिकलेला केमिस्ट, त्यांच्या घरात सगळे शिकलेले. उद्या कोणीतरी अक्षदाला म्हणेल, तुझा बाप केमिकलमध्ये होता ना? काय करायचा, नुसत्या गोण्या मोजायचा? आणि माझी पोर मान खाली घालेल. तेवढं मला चालणार नाही. गाल गेला तरी चालेल.

२० मार्च, शुक्रवार

कालचं लिहिलेलं वाचलं. उन्हाने झालं असावं. संकल्प: यापुढे भावनिक निरीक्षणं वहीत नकोत.

२९ मार्च, रविवार

पॉलिसॉर्बेट २० आणि ८०, दोन्ही आले. लहान बाटल्या, औषधाच्या दुकानासारख्या. गुणवत्तेनुसार २० ला आधी संधी. बॅच ७. खोबरेल तेल अर्धं, गुलाबपाणी अर्धं, पॉलिसॉर्बेट चार थेंब. दहा मिनिटं ठीक. मग तेल वर. ८० ला संधी. बॅच ८. वीस मिनिटं. मग तेल वर.

म्हणजे पंधरा मार्कवाला सोळावाल्यापेक्षा जास्त टिकला. परीक्षेतल्या मार्कांवर जाऊ नये हे पुन्हा सिद्ध झालं.

३ एप्रिल, शुक्रवार. दुपारी ३.३०

उकाडा. लाइट गेलेली. विचार करायला उत्तम वेळ.

सगळ्या बॅचेस डोळ्यांसमोर आणल्या. प्रत्येक वेळी बिघाड कोणी केला? इमल्सिफायर बदलले. पाणी बदललं. हलवायची पद्धत बदलली. न बदललेला एकच. तेल! दर वेळी वर कोण येतं? तेल. आगाऊपणा कोणाचा? तेलाचा. इतके दिवस चोर घरातच होता आणि मी बाहेर शोधत होतो.

निर्णय: तेल काढून टाकायचं. साधं, धाडसी, आणि माझ्या माहितीप्रमाणे आजवर कोणाला न सुचलेलं.

५ एप्रिल, रविवार

बॅच ९. अंगणातली कोरफड, गुलाबपाणी, ग्लिसरिन, पॉलिसॉर्बेट. तेल शून्य.

फुटली नाही! वर काही नाही, खाली काही नाही. एकजीव!

६ एप्रिल, सोमवार. अजून एकजीव.

७ एप्रिल, मंगळवार. अजून!

आता खरा प्रश्न, इमल्सिफायर २० की ८०. शास्त्रीय पद्धतीने तीन बाटल्या केल्या. एकीत २०, एकीत ८०, आणि एकीत काहीच नाही, तुलनेसाठी.

९ एप्रिल, गुरुवार

२० वाली उत्तम. ८० वालीही उत्तम. काहीच नसलेलीही उत्तम.

तिसऱ्या बाटलीने गोंधळ घातला. बाकीच्या दोघींच्या शेजारी ठेवल्यामुळे काहीतरी परिणाम झाला असणार. ती ओतून दिली. पुन्हा असल्या बाटल्या करायच्या नाहीत, निष्कर्ष बिघडतो.

११ एप्रिल, शनिवार

अंतिम निवड: पॉलिसॉर्बेट २०. भरपूर टाकला, कंजुषी नको. माझ्या उजव्या गालावर पाच दिवस झाले, गाल शाबूत. एकोणीस तारखेला साईराजचं केळवण आपल्याकडे आहे. तेव्हाच बाटली हातात देणार. येऊ दे आता त्याला, विचारू दे काय विचारायचं ते. मी तयार आहे.

१९ एप्रिल, रविवार. सायं. ५.००

सविस्तर लिहितो.

साईराज अकराला आला. सोबत कोणी नाही. मैनाने तांदळाच्या भाकऱ्या, सुकी करंदी, कोंबडी, सगळं केलं होतं. पोराला घाम फुटला होता, मला वाटलं उन्हातून आला म्हणून. जेवायच्या आधीच बाटली दिली. त्याने ती दोन्ही हातांत धरली आणि आधी लेबल वाचलं. पूर्ण वाचलं. बॅच नंबर, बनवल्याची तारीख, मुदत, थंड व कोरड्या जागी ठेवा, उभी ठेवा. त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, पप्पा, लेबल एक नंबर. लोक साठवणुकीची सूचनाच टाकत नाहीत, आणि मग माल खराब झाला की बोंबा मारतात. इतका मनापासून बोलला की मला पोटातून बरं वाटलं.

मग मी बोललो. वीस मिनिटं तरी. एचएलबी, मार्क, २० आणि ८० चा वाद, सगळं. समजायला सोपं जावं म्हणून म्हणालो की इमल्सिफायर म्हणजे आपल्याकडचा लग्न जुळवणारा मध्यस्थ. एका हाताने तेलाला धरतो, एका हाताने पाण्याला, आणि म्हणतो, चला, आता नीट नांदा. साईराज मान हलवत होता. दर वाक्याला हलवत होता. मध्ये तो तीन ग्लास पाणी प्यायला.

मैना वाढायला आली होती. भाकरी हातात घेऊन उभी राहिली. म्हणाली, पण तुमी तर तेल काढून टाकलंत ना? नवरीच नाय मांडवात, मंग मध्यस्थ कोणासाठी बोलावला?

अक्षदा आत होती, तिच्या हातून काहीतरी पडलं. मी साईराजकडे बघितलं. आता तो हसणार. आता घरी जाऊन सांगणार. माझ्या कानांतून वाफ निघत होती. साईराज माझ्याकडे बघत होता, आणि माझ्या ध्यानात आलं की त्यालाही काही सुचत नाहीये. शेवटी तो म्हणाला, काकी, करंदी मस्त झालीय.

जेवणानंतर पडवीत आम्ही दोघेच. सुपारी कातरून दिली ती त्याने हातातच धरून ठेवली. मग पडेल आवाजात म्हणाला, पप्पा, एक सांगायचंय, रागावू नका. मी काय केमिस्ट नाय. मी स्टोरला हाय. कच्चा माल उतरवून घेतो, गोण्या मोजतो, लेबल तपासतो. इमल्सिफायर हा शब्द गोणीवर रोज वाचतो, बाकी मला त्यातलं काही कळत नाय. साखरपुड्याला सगळे म्हणाले की सासरे सव्वीस वर्षांचे केमिकलवाले, मला वाटलं आपण काहीतरी हुशारीचं विचारायला पायजे, म्हणून तोंडातून गेलं. तेव्हापासून तुमचा मेसेज आला की मी मोबाईल उलटा ठेवतो. रोज शिफ्टमध्ये आहे म्हणून लिहितो. आज तर रजा काढून अभ्यास करून आलो होतो, काही आठवलं नाय.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, स्टोर काय वाईट नाही रे, कंपनीचं पोटच ते. लाजायचं काय त्यात? तो म्हणाला, अक्षदाला सांगू नका, मीच सांगेन. मी वचन दिलं. मग कुठल्या शेडमध्ये गोण्या कशा रचतात ते विचारलं. आधी आलेला माल आधी बाहेर काढतात का, ओल लागू नये म्हणून खाली काय घालतात, ड्रमचं तोंड कुठल्या दिशेला. अडीच तास बोलत बसलो. मुलगा हिरा आहे.

मी कुठे होतो ते सांगायची ती वेळ नव्हती. बिचारा आधीच गोंधळलेला होता.

२० एप्रिल, सोमवार

सांगायला हवं होतं.

२१ एप्रिल, मंगळवार

मांडवाचे बांबू आले. बारीक आहेत. दोन परत पाठवले.

साईराजचा मेसेज: पप्पा, तुमच्याशी बोलून फार हलकं वाटलं. लग्नानंतर मला केमिकलचं शिकवाल ना? मी अंगठा पाठवला. दुसरं काय पाठवणार होतो.

२६ एप्रिल, रविवार. सकाळी ६.२०

थोड्या वेळात वरात... नाही, वऱ्हाड येईल. मुहूर्त बारा छप्पन. कालचं आत्ताच लिहून टाकतो, नंतर वेळ मिळणार नाही.

हळद जोरात झाली. लग्नाची गाणी गाणारी धवलारीण सोनाबाई वेळेवर आली, आवाज अजून खणखणीत. माझी योजना अशी की हळदीआधी पहिलं बोट सीरमचं. बाटली तबकात ठेवली होती, नवरदेवाच्या उष्ट्या हळदीच्या शेजारी. सोनाबाईने धवळा मध्येच थांबवला, बाटली उचलली, वास घेतला, आणि विचारलं की हे काय रं राजेश? मी म्हणालो, सीरम. ती म्हणाली, हळदीच्या आधी पोरीच्या अंगाला दुसरं काय लागत नाय. आणि बाटली मागे सरकवून पुन्हा गायला लागली. तिच्यापुढे कोणाचं चालत नाही. बापाचं तर नाहीच.

मग हळद खेळणं सुरू झालं. सगळ्या बायका कोपरापर्यंत पिवळ्या. कोणीतरी चुकून ती बाटली हातावर ओतली, चोळलं, पाणी घेतलं, आणि हात स्वच्छ! नखातली हळदसुद्धा गेली! एकच गर्दी उसळली. विहिणीकडून हळद घेऊन आलेल्या बायकांनीही हात पुढे केले. मैनाच्या चुलत जावेने साडीवरचा डाग काढला. पंधरा मिनिटांत बाटली संपली आणि आणखी आहे का अशी विचारणा सुरू झाली. मी आयुष्यात पहिल्यांदा इतकी मागणी बघितली. पण सगळ्या म्हणत होत्या, कसला साबण केलाय राजेशभावजींनी.

चेहऱ्याला कोणी एक थेंब लावला नाही.

मी मागे विहिरीकडे जाऊन बसलो. अक्षदा आली. पूर्ण पिवळी. म्हणाली, पप्पा, रुसलात? मी म्हणालो, नाही गं, घाम आलाय. मग मला राहवलं नाही. म्हणालो, साईराज तुला एक गोष्ट सांगणार आहे, ती ऐकून तू मन खट्टू करू नकोस.

ती म्हणाली, स्टोरला आहे ते ना? पप्पा, बायोडाटात लिहिलं होतं की. स्टोर एक्झिक्युटिव्ह. तुम्ही नुसतं कंपनीचं नाव वाचलंत. मी ते वाचूनच हो म्हणाले. मी विचारलं, वाचून? ती म्हणाली, मग? स्टोरवाल्याचं घर कसं चालतं ते मी जन्मापासून बघतेय. माणूस वेळेवर घरी येतो, घरात काय कुठे ठेवलंय ते सगळं त्याला माहीत असतं. तेवढी थोडी बडबड ऐकावी लागते.

तिने हळदीचा हात माझ्या डाव्या गालाला लावला. म्हणाली, तुमचं मी त्याला नाय सांगितलं. म्हटलं, तुम्हीच सांगाल.

पोर कधी एवढी मोठी झाली ते कळलंच नाही. रडलो. विहिरीपाशी कोणी नव्हतं.

२७ एप्रिल, सोमवार. सकाळी ९.००

अक्षदा गेली. घरात फक्त मैना, मी आणि सत्तावीस भाड्याच्या खुर्च्या.

कालचं एक लिहायचं राहिलं. जेवणाच्या पंक्तीआधी साईराजचे मामा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. सोबत साईराजही, फेटा, मुंडावळ्या, सगळं. मामांनी विचारलं, राजेशराव, तुम्ही रसायनीला होतात ना? काय, केमिस्ट ना?

तीन महिने मी याच प्रश्नाला घाबरत होतो. साईराजकडे न बघता म्हणालो, नाही. स्टोरकीपर. सव्वीस वर्षं. गोण्या आणि ड्रम मोजायचो.

साईराजने वळून माझ्याकडे बघितलं. मग तो इतका हसला की मुंडावळ्या नाकावर आल्या, आणि वाकून त्याने माझे पाय धरले. भटजी ओरडले की आत्ता नाही, नंतर.

मामा म्हणाले, हां का? बरं बरं. मग इकडेतिकडे बघत त्यांनी विचारलं की प्यायचं पाणी कुठे ठेवलंय.

दाखवलं. मांडवाच्या मागे, उत्तरेला, सावलीत. अठ्ठावीस जार. एकोणीस भरलेले, आठ रिकामे, एक गळका.